नाव घे आणि मगच चढ

आंबेनळीच्या घाटात दरड आली म्हणून एस.टी. थांबली, आणि एस.टी. थांबली म्हणून हे सगळं झालं. नाहीतर ती पोरगी खिडकीत बसून सरळ वरच्या गावाला निघून गेली असती, आणि आमचा सुशांत अजून मशीनवर बसून डोंगराशी भांडत राहिला असता.

आषाढ सरत आला होता. मी आणि आमचे मालक पोलादपूरला डॉक्टरकडे जाऊन घरी परतत होतो. मालकांचं नाव मी सांगत नाही. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि मी तर हळदीकुंकवाच्या उखाण्यातसुद्धा घेत नाही. लग्नात एकदा घेतलं, पुरे झालं. त्यांना विसर लागलाय एवढं सांगते. सकाळी काय जेवले ते दुपारी ठाऊक नसतं, पण लहानपणी कुठल्या आंब्यावरून पडले ते फांदीसकट सांगतील.

पुढे रस्त्यावर लाल चिखल, दगड, आणि एक आख्खं झाड आडवं पडलेलं. जेसीबी घरघरत होता. मी पिशवीतली गोळ्यांची पुडी नीट ठेवायला खाली वाकले आणि वर बघते तर शेजारची सीट रिकामी! धडपडत खाली उतरले. पावसात एक निळी छत्री चालली होती. छत्रीखाली शहरातली एक पोरगी, आणि तिचा हात धरून आमचे मालक... सरळ दरडीच्या दिशेनं.

जेसीबीचा पंजा वरच्या वर थांबला. केबिनमधून आमच्या नातवानं, सुशांतनं, उडी टाकली.

"ओ बाई! आबांना कुठं घेऊन चाललात?"

"मी?" ती पोरगी थांबली. "तेच मला घेऊन चाललेत. म्हणतात, गुरं पलीकडं राहिलीत."

"मग तुम्ही लगेच निघालात गुरं आणायला?"

"हात सोडवला असता तर रागावून एकटे गेले असते. म्हणून चालत होते... हळूहळू. तुम्ही उतरेपर्यंत."

"आणि मी उतरलो नसतो तर?"

तिनं छत्री जराशी वर केली. "तर शोधली असती की गुरं."

आमचा सुशांत कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. रस्त्याच्या ठेकेदारालासुद्धा उलट बोलतो. पण त्या दिवशी त्यानं चिखलानं भरलेला हात पँटीला पुसला, मग तोच हात कपाळाला लावला, आणि कपाळावर चिखलाचा पट्टा ओढून घेतला. पोरगी हसली नाही. नुसतं आपल्या कपाळाला बोट लावून तिनं त्याला खूण केली — इथं, इथं. तो लाल झाला. म्हटलं, आता पाऊस नीट बरसणार.

तिचं नाव अक्षदा. साताऱ्याकडची, पुण्यात शिकलेली. म्हाताऱ्या माणसांच्या विसराचा अभ्यास करायला इकडं आली होती. महाडात आसियाभाभीच्या माडीवर भाड्यानं राहायची. आसियाचे दोन्ही मुलगे दुबईला आणि तिच्या डोळ्याला डोळा नाही. त्या जागरणाचाही अभ्यास हिच्याकडं होताच. उदासी, धसका, मनातल्या मनात झुरणं — डोक्यातलं जे जे बाहेर दिसत नाही ते विचारत ही पोरगी गावोगाव फिरायची. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिला तोंडावर म्हटलं, "लग्नाच्या वयात लोकांच्या डोक्यात कसली गो डोकावतेस?"

"कुणीतरी डोकवायला हवं ना, आजी," ती म्हणाली. आणि घावनाला हात घातला. खाणारी पोर होती, तेवढं मला आवडलं.

पुढच्या आठवड्यात ती आमच्या ओटीवर बसून मलाच तपासायला लागली. हातात ती काचेची पाटी, त्यावर प्रश्न. महिना कुठला, बाजार कुठल्या वारी, तीन शब्द सांगते ते लक्षात ठेवा. मी फटाफट सांगितलं. मग म्हणाली, "आजी, तुमच्या मालकांचं नाव काय?"

मी गप्प.

"आजी? नाव... मालकांचं?"

मी अंगणातल्या कोंबडीकडं बघितलं. तिनं जरा वेळ वाट बघितली. चेहरा हळवा केला आणि पाटीवर बोट टेकवलं. सुशांत तिथंच बुटाचा चिखल खरवडत होता. तो खो-खो हसत मागं कलंडला.

"मॅडम, काय लिवलंत?"

"आठवत नाही, असं."

"आठवत नाय? ती आजी हाय माझी! आबांच्या सात पिढ्या सांगेल. नवऱ्याचं नाव घेत नाय ती. ह्या खोऱ्यात कुठलीच म्हातारी घेत नाय!"

अक्षदाचं तोंड पांढरं पडलं. "कुठलीच नाही?"

"तुम्ही सगळ्यांना हेच विचारलंत?"

"सगळ्यांना..." ती पुटपुटली. "माझ्या गावी आजी घेते हो नाव, सर्रास... अरे देवा! दोन महिने मी चांगल्या धडधाकट बायकांना विसराळू करत फिरतेय!"

आता ह्यात हसण्यासारखं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा अभ्यास चुकलेला, वर पुण्याचे सर काय म्हणतील ही धास्ती. मला राहवलं नाही. म्हटलं, "रडतेस काय? परत जा सगळीकडं. नाव विचारू नकोस, नाव घ्यायला सांग. उखाणा म्हटलं की म्हाताऱ्यांची जीभ सुटते."

"पण इतक्या गावांना परत... कशी जाऊ?"

सुशांतनं बूट खाली ठेवला. "दरड नसेल त्या दिवशी माझी मोटारसायकल मोकळीच असते," तो डोंगराकडं बघत म्हणाला.

असं सुरू झालं.

ती दोघं शिवथरला गेली तेव्हा काय घडलं ते मला माझ्या मावसबहिणीनं, काशीबाईनं, फोनवर सांगितलं. पाऊस रेनकोटातून आत गेलेला. काशीनं दोघांना चुलीपाशी बसवलं आणि उखाणा घेतला —

"चुलीवर टाकली नाचणीची भाकर,
दत्ताराम रुसतात, चहात कमी साखर."

अक्षदा टाळ्या वाजवत पाटीवर लिहायला लागली. काशी म्हणते कशी, "माझं झालं. आता तू घे."

"माझं लग्न नाही झालं, मावशी."

"मग हा कोण? गाडी हाकतोय तो?"

"हे... हे ड्रायव्हर आहेत."

"पैसे देतेस ह्याला?"

"नाही..."

"मग ड्रायव्हर कसला गो?"

आमच्या सुशांतला म्हणे त्याच वेळी दाराबाहेर जाऊन पाऊस किती आहे ते बघायचं होतं. परतताना मात्र तो तिला म्हणाला, "पैसे नाय दिलेत, निदान चहा तरी पाजा." पोलादपूरच्या नाक्यावर तिनं चहा पाजला. तो कपात बघून म्हणाला, "साखर कमी हाय." आणि ती म्हणाली, "मग रुसा." हे मला कसं कळलं विचारू नका. नाक्यावरचा चहावाला आमच्या भावकीतला आहे.

मी खूश होते असं समजू नका. माझा जीव टांगणीला लागला होता. मालकांचे थोरले भाऊ असेच गेले — आधी नावं विसरले, मग वाट विसरले, आणि एका श्रावणात पाण्यानं फुगलेल्या पऱ्याच्या काठावर सापडले. लोकांनी कुजबूज केली : त्या घराण्यात वेड आहे. शिवथरचीच एक सोयरीक सुशांतसाठी आली होती, बोलणी झाली, आणि कुणीतरी कानाला लागलं तशी मोडली. त्या दिवसापासून पोरगा बाहेरून हसतो आणि आतून दाराला कडी घालून बसतो. रात्री आबांचं अंथरूण घालताना त्यांच्या तोंडाकडं असा बघतो जसं काही स्वतःलाच बघतोय. आणि ही पोरगी तर त्या विसराचीच पंडित. तिच्यापासून काय लपवणार?

श्रावणात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आधी ती ओटीवर पाय ठेवता ठेवता हाका मारायची, "सुशांत, निघायचं का? सुशांत, माझी छत्री?" उठता बसता सुशांत. मग एक दिवस आली आणि म्हणाली, "आजी... आहेत का घरात?"

"कोण?"

"तेच... तुमचे नातू."

मी भाकरी थापायची थांबले. पुढच्या खेपेला "ते आले नाहीत अजून?" त्याच्या पुढच्या खेपेला नुसतं "जेवण झालं का... त्यांचं?" नाव तिच्या जिभेवरून उतरलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी बंदी घातली नव्हती. मी म्हटलं, संपलं! ह्या पोरीला आता कुठलंच औषध लागू पडायचं नाही. हसू आलं, आणि त्याच दमात काळजीही वाटली.

गणपतीच्या आधी तिला बंगळूरहून बोलावणं आलं. मोठी संस्था, विसरावरच काम, तीन वर्षं. ती हे सांगायला आली तेव्हा सुशांत ओटीवर होता. मी आत तांदूळ निवडत होते. कान काही मी झाकून ठेवत नाही.

"मग जा की," तो म्हणाला.

"एवढंच?"

पागोळ्या वाजत होत्या. मग त्याचा आवाज आला, अगदी बारीक. "आबांच्या आधी थोरले आजोबा. त्यांच्या आधी कोण कोण असेल ते देवाला ठाऊक. तुमचं शिक्षण ह्यातलंच हाय. सांगा, मला होईल का?"

तिच्या छत्रीचं बटण उघडमिट वाजत राहिलं.

"नाय होणार, असं म्हणा ना एकदा."

"दोघांना झालं म्हणून तिसऱ्याला होतंच असं नाही," ती म्हणाली. "पण होणारच नाही... असं मी नाही म्हणू शकत. कुणालाच नाही म्हणू शकत. तुम्हाला खोटं कसं सांगू?"

"मग झालं तर. उद्या मी तुमच्याकडं बघीन आणि विचारीन, तुम्ही कोण? ते बघायला थांबणार काय तुम्ही?"

"मला विचारताय, की स्वतःच उत्तर देताय?"

तो उठला, इरलंसुद्धा न घेता पावसात निघून गेला. मला दोघांचाही असा राग आला! एकाला खोटं ऐकायचं होतं, दुसरीला खोटं बोलता येत नव्हतं. ह्यांचं जमायचं कसं?

गौरी गेल्या आणि तिच्या निघायचा दिवस आला. पावसानं आदल्या रात्रीपासून धरलेलं, घाटात पुन्हा दरड, सुशांत पहाटेच मशीनवर गेलेला. महाबळेश्वरवरून पुण्याला जाणारी गाडी तिला आमच्याच फाट्यावरून धरायची होती, म्हणून बॅग घेऊन घरी आली. पाया पडली. मग म्हणाली, "आजी, एक सांगायचं होतं. तुमचं घर मी अभ्यासातून काढून टाकलं. सरांनाही तसं कळवलं."

माझं डोकंच फिरलं. "आमचं घर काढलंस? खोऱ्यातली सगळी घरं चालली, आमच्यातच काय कमी होतं गो?"

"कमी नाही हो..."

"मग? माझी उत्तरं चुकली?"

"नाही, आजी. आमच्यात... घरच्या माणसांचा अभ्यास करत नाहीत. करू नये. बरोबर नसतं ते."

"घरच्या?"

ती बॅगेची चेन उघडत होती आणि लावत होती. "मला तरी तसंच वाटायला लागलंय. त्यांना वाटत नसेल तर... असू दे."

मी तिचा चेहरा वर केला. काय बोलणार होते ते आता आठवत नाही, कारण तेवढ्यात माझी नजर मागच्या दाराकडं गेली. दार सताड उघडं. मालकांची काठी नव्हती. खुंटीवरचं इरलं तिथंच होतं.

आम्ही दोघी धावलो. तिनं छत्री घेतली नाही, मी चप्पल घातली नाही. "गुरं!" ती धापा टाकत म्हणाली. "त्या दिवशीसारखे... दरडीकडे!"

खरंच तिथं होते. खचलेल्या मातीच्या पार कडेला, जिथून खाली नुसती दरी. अलीकडं अडकून पडलेली तिची पुण्याची गाडी, दोन ट्रक, लोक. मध्ये जेसीबी. सुशांत केबिनमधून ओरडत होता, "आबा! मागं या! आबा!" तो जितका ओरडे तितके ते पुढं सरकत. पायाखालून माती ओघळत होती.

"मशीन बंद करा!" अक्षदा किंचाळली. "आवाजाला घाबरतायत ते! बंद!"

घरघर थांबली. नुसता पाऊस. सुशांत खाली उतरला, पण जवळ जायची सोय नव्हती, मातीला दोघांचा भार पेलला नसता. "आबा..." तो रडवेला झाला. ते वळले नाहीत.

"ते आत्ता आबा नाहीयेत," अक्षदा माझा दंड धरून म्हणाली. "गुरामागचं पोर झालेत. आबा म्हणजे कोण ते त्यांना कळणारच नाही." तिनं स्वतःच त्यांना नावानं हाक मारली. परका आवाज, परका हेल. ते दचकले, आणि एक पाय आणखी पुढं गेला.

"आजी, तुम्ही. तुमच्या इकडच्यासारखी हाक. नाव घेऊन!"

"मी... मी नाव घेत नाय..."

"आजी!"

आयुष्यभर दाताखाली धरलेलं. खालून मातीचा एक मोठा तुकडा सुटला आणि दरीत गेला, तेव्हा माझ्या तोंडून कसं निघालं ते माझं मलाच कळलं नाही.

"हैबतीऽऽ! ए हैबती रेऽऽ! घरी चल, भाकर निवली!"

सगळा घाट ऐकत होता. ते थांबले. मान वळवली. आणि अगदी शहाण्या पोरासारखं ओ दिली, "आलो गोऽऽ!"

आले. आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत मागं आले, आणि सुशांतनं त्यांना मिठीतच धरलं. त्यांना ट्रकच्या ताडपत्रीखाली बसवलं. मी पदरानं त्यांचं डोकं पुसायला लागले. ते माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"तुझं नाव काय गो?"

माझे हात थांबले. सुशांत आणि अक्षदा बाजूलाच उभे होते. "तुळजा," मी म्हटलं.

"चांगलं नाव हाय." त्यांनी मान डोलावली. "माझ्या बायकोचं पण हेच हाय. तिला सांग, येतोय म्हणून. वाट बघत आसल."

"सांगते," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं. पाऊस वाऱ्यानं तोंडावर येत होता, दुसरं काही नाही.

सुशांत गुडघाभर चिखलात उभा होता. अक्षदाकडं बघून म्हणाला, "मी असाच विसरलो तर?"

"तर मी मशीन बंद करायला लावीन," ती म्हणाली. "आणि हाक मारीन."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"आणि मी ओळखलंच नाय तर? विचारलं, तू कोण?"

"तर तुझी नव्यानं ओळख करून घेईन. पहिल्या दिवशी कपाळाला चिखल लावून उभा होतास, तेव्हा कुठं ओळखत होते मी तुला?"

त्यानं हात वर नेला. पुन्हा चिखलाचाच हात, पुन्हा कपाळालाच. ह्या खेपेला तिनं खूण केली नाही, आपल्या ओढणीनं पुसलं. ट्रकवाले बघत होते. बघेनात का!

दुपार कलता रस्ता मोकळा झाला. गाडीनं हॉर्न दिला. घरून कुणीतरी आणून दिलेली बॅग आणि छत्री अक्षदानं उचलली आणि माझ्याकडं बघितलं — जाऊ की नको, असं. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघतेस? जा! ह्या विसराचं काहीतरी शोधून ये. शिक्षण टाकून चुलीपाशी बसणारी नातसून मला घरात नको."

"दिवाळीला येते," ती म्हणाली. "आईला घेऊन."

"ये. पण तशी नाय सोडायची तुला." मी गाडीच्या दारात आडवा हात धरला. "मी आज एवढ्या लोकांत घेतलं. आता तुझी पाळी. नाव घे आणि मगच चढ."

"आजी, गाडी थांबलीय हो..."

"थांबू दे!" कंडक्टरच ओरडला. "घ्या मॅडम, घ्या! वाईपर्यंत काय आता दरड नाय."

ती पायरीवर एक पाय ठेवून उभी. केस ओले, गाल लाल. डोळे मिटून घेतले आणि एका दमात म्हणाली —

"आंबेनळीच्या घाटात वाट अडली पावसात,
सुशांतचं नाव घेते एस.टी.च्या दारात."

गाडीत एकच कल्ला झाला. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली, निळी छत्री खिडकीतून हलत राहिली आणि वळणावर धुक्यात गेली. मागं ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न मारत होते, कारण जेसीबी अजून अर्ध्या रस्त्यात आडवा होता आणि त्याचा चालवणारा तोंड उघडं टाकून वळणाकडं बघत उभा होता. मशीन कुणाची, रस्ता कुणाचा, काही भान नाही.

मालक ताडपत्रीखालून सगळं बघत होते. माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "ह्या पोराला विसर लागलाय वाटतं गो. त्या छत्रीवाल्या बाईला दाखव."